ख्रिस्ती मंडळीतील शिस्त

ख्रिस्ती मंडळीतील शिस्त : मंडळीच्या सदस्याचे अथवा अधिकाऱ्याचे वर्तन श्रद्धेशी विसंगत ठरल्यास त्यास जाब विचारण्याची, सुधारण्याची व पुन्हा सामावून घेण्याची रीत. तिचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय होय. अपराध करणाऱ्या बंधूस प्रथम एकांतात समज द्यावी, मग एकदोन साक्षीदार न्यावेत आणि तरीही त्याने न ऐकल्यास गोष्ट मंडळीपुढे मांडावी, असा क्रम तेथे आहे. अपराध्याची अब्रू शक्य तोवर राखणे, हा या क्रमाचा विशेष. सेंट पॉलने करिंथच्या मंडळीस एका सदस्याला दूर करण्यास सांगितले. तथापि तिलाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या माणसास क्षमा करावी, अन्यथा तो दुःखाने खचून जाईल, असेही बजावले.

राजसत्तेच्या पाठबळाने या रीतीचे स्वरूप पालटते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथे सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखाली ख्रिस्ती वस्ती वाढली. बोरिवलीजवळील मंडपेश्वर व अंधेरीजवळील मरोळ येथील जुन्या चर्चवास्तूंचे अवशेष त्याची साक्ष देतात. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार वसई–साष्टीवरही चाले. तुरुंग व मालमत्तेची जप्ती हाती असलेल्या त्या धर्मन्यायालयाच्या कारभारास प्रेमळ शिस्त म्हणणे कठीण. मराठ्यांनी १७३७–३९ मध्ये हा प्रदेश जिंकल्यावर येथील तो अधिकार संपला. गोव्यात मात्र तो, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत टिकला.

आज शिस्तीमागे केवळ सदस्यांची संमती उरली आहे. रोमन कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मबहिष्कार ही औषधरूप शिक्षा मानली असून, हट्ट सोडणाऱ्यास तीतून मुक्ती नाकारता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत समज देणे वा काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवणे हे उपाय योजतात. मात्र जेथे धर्मग्राम आणि गाव एकच, तेथे वेदीपासून दूर ठेवलेला माणूस शेजाऱ्यांतही एकाकी पडण्याचा धोका असतो. सर्व धर्मीयांना लागू असलेला १९४९ चा मुंबई बहिष्कार-प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरांच्या दाव्यात १९६२ मध्ये रद्द ठरविला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने मात्र सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

उत्तरदायित्व अधिकाऱ्यांनाही लागू होते, ही बाजू दीर्घकाळ दुबळी राहिली. १९८३ च्या संहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली. धर्मगुरूंच्या दुराचारांकडे दयेच्या नावाखाली झालेली डोळेझाक जगभर उघडकीस आल्यावर पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये संहितेचा दंडविषयक भाग सुधारला. समज देऊन भागत नसेल, तर कारवाई सुरू करणे हे बिशपचे कर्तव्य ठरले. बालकांवरील लैंगिक अपराधांबाबत भारतात २०१२ च्या कायद्यानुसार, अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने, मग तो धर्मगुरू का असेना, पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.