विषारी कंदाने दिलेले औषध

डॅफोडिलचा कंद विषारी असतो. कांदा समजून कुणी तो खाल्ला, तर थोड्याच वेळात उलट्या सुरू होतात. याला मुख्यतः कारणीभूत असलेला लायकोरीन हा अल्कलॉइड १८७७ मध्ये डॅफोडिलच्याच कंदातून वेगळा काढण्यात आला. आपल्या बागांतला सुदर्शन याच कुळातला आणि त्याच्यातही लायकोरीन आहे. कंद कुणी खाऊ नये म्हणून ही झाडे अशी रसायने बनवतात. त्यांतल्याच एकाने, गॅलँटामीनने, पुढे अल्झायमरच्या रुग्णांना आधार दिला.

त्याची कथा सुरू होते १९५१ मध्ये, सोव्हिएत संघात. माश्कोव्स्की आणि क्रुग्लिकोव्हा-ल्वोव्हा या शास्त्रज्ञांनी कॉकेशसमधल्या स्नोड्रॉप या डॅफोडिलच्या भाऊबंदातल्या याच अल्कलॉइडचा गुण दाखवून दिला. चेतापेशी एकमेकींना आणि स्नायूंना निरोप धाडतात तो एका रसायनामार्फत, अ‍ॅसिटिलकोलीनमार्फत. निरोप पोचला की एक विकर त्या रसायनाचे लगेच तुकडे करते. गॅलँटामीन त्या विकराला अडवते, त्यामुळे क्षीण झालेला निरोपही जरा जास्त वेळ टिकतो. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी यावरून ‘निव्हालिन’ हे औषध तयार केले. पोलिओने लुळ्या पडलेल्या अवयवांसाठी ते पूर्व युरोपात वापरले गेले. पश्चिमेकडे मात्र पुढची कित्येक वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

सत्तरच्या दशकात एक गोष्ट स्पष्ट झाली: अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीनची यंत्रणा ढासळलेली असते. मग स्नायूंसाठी वापरलेला रेणू मेंदूसाठी का चालू नये? अमेरिकेत बॉनी डेव्हिस यांनी हा विचार पुढे नेला आणि १९८७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. २००० मध्ये स्वीडनने आणि २००१ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. या औषधाने आजार बरा होत नाही, त्याची मूळ वाटचालही थांबत नाही. काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि रोजचे व्यवहार मात्र काही काळ सावरून धरले जातात. घरातल्या माणसाला आपले नाव आणखी काही महिने आठवत राहणे किती मोलाचे असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

मान्यतेआधीच पुरवठ्याचा प्रश्न उभा होता. किलोभर वाळलेल्या डॅफोडिल-कंदात गॅलँटामीन असते साधारण ग्रॅमभर. रोजचा डोस २४ मिलिग्रॅम धरला, तर ते एका रुग्णाला जेमतेम चाळीस दिवस पुरेल. बल्गेरियात पाणथळ रानातल्या ल्युकोजम या भाऊबंद झाडाची कापणी इतकी झाली की तिच्यावर निर्बंध घालावे लागले. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रियात कारखान्यात रेणू बनवण्याची पद्धत विकसित झाली. वेल्सच्या डोंगराळ शेतांत ‘कार्लटन’ या डॅफोडिलच्या जातीची लागवड याच औषधासाठी सुरू झाली. आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी डॅफोडिल हा रेणू टप्प्याटप्प्याने कसा घडवते, त्याचा जनुकीय माग काढला.

मग रानातल्या फुलांची गरज संपली का? मला तसे मुळीच वाटत नाही. जंगली डॅफोडिलच्या बहुतेक जाती स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहेत, आणि प्रत्येकीचे अल्कलॉइडांचे मिश्रण वेगळे. बार्सिलोना विद्यापीठातल्या जाउमे बास्तिदा आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकेक जात तपासली. नार्सिसस कन्फ्यूझस या स्पॅनिश जातीत गॅलँटामीन भरपूर निघाले. १९६७ मध्ये डॅफोडिलच्या कंदातून नार्सिक्लासिन मिळाले. ते पेशींचे विभाजन रोखते, म्हणून कर्करोगाच्या संशोधकांचे त्याच्याकडे लक्ष आहे. त्याचे औषध अजून झालेले नाही, पण १९५१ नंतर गॅलँटामीनलाही अल्झायमरपर्यंत पोचायला अर्धे शतक लागले.

कारखाना नक्कल करतो ती आधी सापडलेल्या रेणूची. नवा रेणू सापडायचा तो रानातच, आणि जंगली डॅफोडिलच्या कित्येक जाती एखाद्या डोंगरउतारावर किंवा ओढ्याकाठच्या कुरणातच उगवतात. तिथे नांगर फिरला, पाणी वळवले गेले किंवा कंद उपटून विकले गेले, की न तपासलेले रेणू कायमचे जातात. पुढच्या पिढीच्या औषधाचा विचार करायचा, तर संशोधनाच्या खर्चात या कुरणांच्या रक्षणाचा खर्चही धरला पाहिजे.