हवेची परतवाट

"हल्लू, हल्लू! थोडा स्टेशन के बाजू लेओ!" कामाच्या घोड्यावर उभे असलेले उस्ताद ओरडतात आणि एसीचं चाळीसएक किलोचं पत्र्याचं खोकं चौघांच्या तळहातांवरून वीतभर काचीगुड्याच्या दिशेला सरकतं. स्लॅबमध्ये ठोकलेल्या फास्टनरमधून चार रॉड खाली लोंबतायत. यंत्राचे चारही कान त्यांत अडकतात. खालून रबर, वॉशर, नट. उस्ताद पाणसळ लावतात. बुडबुडा बरोबर मध्ये येतो, तरी ते पाना घेऊन एका बाजूचे नट दोन आटे सैल करतात आणि निचऱ्याची बाजू मुद्दाम किंचित खाली आणतात. "पानी कू भी रास्ता होना ना, साब," ते काकांना सांगतात.

मे महिना लागलाय. बरकतपुऱ्यातल्या या इमारतीत काकांचं घर सगळ्यात वर, डोक्यावर थेट गच्ची. हैदराबादचा उन्हाळा कोरडा, पारा चाळिशीला टेकतो, तरी इथं खरा जाच सुरू होतो तो दिवेलागणीनंतर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोल्यांमध्ये ऊन सोडत राहतो. आजी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला रात्र रात्र डोळा लागला नाही, म्हणून हा सगळा घाट.

भिंतीवरचा साधा एसी का नाही, ते घरात पाऊल टाकलं की कळतं. भिंती मोकळ्याच नाहीत. आजोबा नांदेडहून मीटरगेजच्या गाडीने काचीगुडा स्टेशनात उतरले, तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला माणसं इथंच येत. आजोबा कायदा शिकायला आले आणि राहिले. 1956 मध्ये मराठवाडा वेगळ्या राज्यात गेला, पण कुटुंब हललं नाही. त्यांनी जमवलेली आणि काकांनी वाढवलेली पुस्तकं आज जमिनीपासून छतापर्यंत पोचली आहेत. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळणार नाही ते काकांकडे मिळेल, असं ओळखीचे लोक म्हणतात. त्यामुळे यंत्र छतात दडवायचं, पत्र्याच्या डक्टमधून हवा तीन खोल्यांत न्यायची आणि गच्चीवर एकच आउटडोअर ठेवायचा, असं ठरलंय. पुस्तकांनाही त्याने बरंच होईल. विलिस कॅरिअरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपली पहिली यंत्रणा आखली तीही माणसांसाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत, हे तिथलं दुखणं होतं.

यंत्र तीन टनांचं आहे. हा टन वजनाचा नाही. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता ओढून घेतो, तितकी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. म्हणजे या खोक्याने दिवसरात्र पूर्ण जोरात काम केलं, तर पावणेतीन हजार किलो बर्फाइतकं काम होईल. आकडा ऐकून काकू वर बघतात.

पहिला खटका उडतो तो परतीच्या हवेवरून. आधीच्या ठेकेदाराने काढलेल्या नकाशात थंड हवा न्यायला डक्ट आहे, पण परत आणायला काहीच नाही. दिवाणखान्याच्या छताला एक जाळी ठेवायची, हवा तिथून फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत जाईल आणि यंत्र ती तिथूनच ओढून घेईल. पत्रा वाचतो, मजुरी वाचते. उस्ताद नकाशाची घडी घालून काकांच्या हातात परत देतात आणि मला म्हणतात, "ऊपर आके हाथ लगाओ, बेटा."

मी घोड्यावर चढून स्लॅबला तळहात टेकवते. दुपारचे दोन वाजलेत. हात फार वेळ ठेववत नाही. पोकळीतली हवा चेहऱ्याला लागते ती चुलीसमोर बसल्यासारखी. आता कळतं. खोलीतली सत्तावीस अंशांची हवा या पोकळीतून गेली की तापणार, मग यंत्र आधी ती भट्टीतली उष्णता उपसणार आणि उरली ताकद तर आजीची खोली गार करणार. वीज जळेल, बिल येईल आणि यंत्र लहान पडलं असं सगळे म्हणतील. ते लहान नसेलच. तेव्हा जाळीपासून यंत्राच्या पाठीपर्यंत बंद डक्ट करायचा आणि त्यालाही वरून नायट्राइल रबर गुंडाळायचं, असं ठरतं. काकांना वरचा खर्च सांगितला जातो. ते चष्मा काढून पुसतात आणि "करा" म्हणतात.

पोरं रानीगंजला पत्रा आणायला जातात, तोवर उस्ताद तांब्याच्या पाइपांना हात घालतात. तीन सुताचा एक, पाच सुताचा एक. हे काम मी जवळ बसून बघते, कारण उद्या छत बंद झाल्यावर ते कुणालाच दिसणार नाही आणि सगळा एसी याच्यावरच टिकून राहणार आहे. कटर पाइपभोवती फिरतो, दर फेरीला चिमूटभर आवळला जातो. घाईने आवळला तर पाइप चेपतो. तुकडा पडल्यावर उस्ताद पाइपचं तोंड जमिनीकडे करतात आणि मगच रीमरने आतली कड घासतात. तांब्याचा सोनेरी कीस फरशीवर पडतो. तोंड वर असतं तर तो आत गेला असता आणि कधीतरी कॉम्प्रेसरपर्यंत पोचला असता. आधी नट पाइपवर सरकवायचा, मग फ्लेअरिंगच्या साच्यात पाइप धरून दांडा फिरवायचा. कड हळूहळू फुलासारखी उमलते. उस्ताद ती उजेडाकडे धरून बघतात, बोट फिरवतात आणि पाइप पुन्हा कापतात. एका जागी केसाएवढी चीर आहे. मला दाखवल्यावरही ती दिसायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळची कड त्यांना पसंत पडते. तिला तेलाचं बोट लावून नट हाताने बसवतात आणि मग टॉर्कचा पाना घेतात. पाना 'कट' असा आवाज करतो, तिथं हात थांबतो.

हे सगळं ते आपल्या मामूंकडून शिकलेत. मामू सनतनगरच्या ऑलविनमध्ये फ्रिजच्या खात्यात होते. ऑलविन हा 1942 मध्ये निजामाच्या राज्यात निघालेला कारखाना. तिथं फ्रिज झाले, बसगाड्यांच्या बॉड्या झाल्या, पुढे घड्याळंही झाली. काकांकडे त्यांचा फ्रिज होता, त्याचं दार लावताना कसा आवाज यायचा ते काका करून दाखवतात. उस्ताद हसतात. "हौ साब, वोइच आवाज!" दोघं जण बराच वेळ त्या फ्रिजबद्दलच बोलत बसतात, चहा निवतो.

पाइपांत नायट्रोजन भरून काटा 500 पीएसआयवर आणला जातो आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं जातं. एकही बुडबुडा नाही. दाब रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी काटा तिथंच दिसतो, तेव्हा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप लावतात. बरेच कारागीर या पायरीला पाच मिनिटं देतात, काही जण तेवढीही देत नाहीत, थोडा गॅस सोडून आतली हवा ढकलून दिली की झालं. उस्तादांकडे आतला दाब मायक्रॉनमध्ये दाखवणारा डिजिटल काटा आहे. आकडा हजारांत असतो, तो उतरत उतरत पाचशेला येतो. इतक्या कमी दाबाला पाइपमध्ये अडकलेला ओलावा खोलीच्या तापमानालाच वाफ होऊन निघून जातो. तो आत राहिला तर तेलाशी मिसळून आंबट होतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो. व्हॉल्व्ह बंद करून ते घड्याळ बघतात. आकडा नऊशेपर्यंत चढून थबकतो. चढतच राहिला असता तर गळती. चढून थांबला, म्हणजे ओल शिल्लक आहे. पंप पुन्हा चालू होतो. मदतीला आलेला वारंगळकडचा पोरगा कंटाळून गच्चीच्या कठड्यावर बसतो, उस्ताद त्याला आत सावलीत बोलावतात. पुढच्या खेपेला आकडा पाचशेच्या आसपासच राहतो. मगच गॅस.

गॅस आर-32. त्याआधी घराघरांत आर-22 होता, तो ओझोनच्या थराला भोकं पाडणारा. मग आर-410ए आला, त्याने ओझोन वाचला, पण हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त. आर-32 ची 675 पट. तो थोडासा ज्वलनशील आहे, म्हणून उस्ताद गच्चीवर बिडी ओढणाऱ्या वॉचमनला लांब जायला सांगतात. कारखान्यातूनच यंत्रात काही गॅस भरून येतो. इथं पाइप लांब आहे, तेवढा जादा गॅस काट्यावर सिलिंडर ठेवून ग्रॅमवर मोजून सोडला जातो.

निचऱ्याची परीक्षा मला सगळ्यात आवडते. या यंत्रात पंखा कॉइलच्या पुढे आहे, तो हवा कॉइलमधून ओढून घेतो. त्यामुळे खालच्या ट्रेमध्येही ओढ असते आणि निचऱ्याच्या नळीतून बाहेरची हवा आत यायला बघते. ती पाण्याला अडवून धरते. म्हणून नळीला यू ट्रॅप द्यायचा, त्यात पाणी साचून हवेची वाट बंद होते. उस्ताद पंखा चालू ठेवूनच तांब्याने पाणी ओततात. बंद पंख्यावर तर कुठलीही नळी वाहते. दोन तांबे, तीन तांबे. मी बाल्कनीत नळीच्या तोंडाशी बसले आहे. पाणी येतं, अडखळतं, मग नेमाने धार लागते. हैदराबादच्या मेमधल्या कोरड्या हवेत कॉइलवर पाणी थोडंच धरतं, त्यामुळे निचऱ्यात खोट असली तरी आता कुणाला कळत नाही. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की ट्रे भरून वाहतो आणि छतावर पिवळा डाग उमटतो. या घरात त्या डागाच्या खाली पुस्तकं असतील. मी आणखी एक तांब्या ओतायला सांगते.

जिप्समवाले छत बंद करून जातात. आता यंत्राला हे घर समजावून सांगायचं काम उरलं आहे. उस्ताद तारेचा रिमोट हातात घेऊन सेटिंगच्या पडद्यात शिरतात. डक्ट किती लांब, वळणं किती, जाळ्या किती अडवतात, यावर पंख्याला किती जोर लावावा लागेल ते ठरतं, आणि तो दाब पास्कलमध्ये द्यावा लागतो. कारखान्यातून तो 30 वर ठेवलेला आहे. उस्ताद प्रत्येक जाळीसमोर वारा मोजायचं यंत्र धरतात. तीन टनाला मिनिटाला साधारण 1200 घनफूट हवा हवी. एकूण हजारही भरत नाही. आजीची खोली डक्टच्या शेवटच्या टोकाला, तिथं तर जेमतेम शंभर. दाब 60 केल्यावर एकूण हवा वाढते, पण दिवाणखान्यातल्या जाळीला घरघर सुटते. आणखी वाढवला तर कॉइलवरचं पाणीही उडून डक्टमध्ये जाईल. मग छतात ठेवलेल्या हॅचमधून हात घालून दिवाणखान्याच्या फाट्यावरचा डँपर, म्हणजे हवेची झडप, थोडा मिटतात. घरघर थांबते. आजीच्या खोलीत आकडा अडीचशेवर जातो. पलंगावर बसलेल्या आजीच्या पदराचं टोक हलतं आणि ती हात वर करून वारा कुठून येतोय ते चाचपते.

"अम्मा, अब दरवाजा बंद करते," उस्ताद म्हणतात. दार लागतं. आकडा एकशेऐंशीवर घसरतो आणि दाराच्या फटीतून बारीक शीळ येऊ लागते.

कारण सरळ आहे. हवा खोलीत शिरते, पण तिला परत जाळीकडे जायला वाट नाही. खोली हवेने तट्ट भरते आणि नवी हवा आत घेत नाही. दाराखाली बोटभर फट हवी. काकू लगेच नको म्हणतात. झुरळं येतील, बाहेरचा उजेड येईल, सागवानी दार आहे, आजोबांनी करून घेतलेलं. काका दार उघडं ठेवून झोपायचा उपाय सुचवतात.

"दार उघडं ठेवून मी कधी झोपले नाही," आजी म्हणते. "कापा खालून."

"अहो आई, पण दार..."

"दार लाकडाचंच आहे ना? कापा."

सुतार शेजारच्याच इमारतीत काम करतोय, त्याला बोलावलं जातं. दार बिजागऱ्यांवरून उतरतं, खालून रंधून पुन्हा चढतं. काकूंसाठी फटीला बारीक केसांचा ब्रश लावायचं त्याच्या मनात आहे, पण उस्ताद मान हलवतात. ब्रशने वाट पुन्हा बंद होईल. दार लावल्यावर आकडा आता 240 दाखवतो. शीळ नाही.

शेवटचा प्रश्न रिमोटचा. घरात किती गार झालं हे यंत्राने कुणाला विचारायचं? एक सेन्सर परतीच्या डक्टमध्ये आहे, त्याला फक्त दिवाणखान्यातून येणाऱ्या हवेवरून कळतं. दुसरा रिमोटच्या आत आहे, रिमोट ज्या भिंतीवर असेल तिथलं तो सांगतो. काकांना रिमोट दिवाणखान्यात हवाय, पाहुणे तिथंच येतात. उस्ताद विचारतात, "रात कू कौन सोता उधर?" कुणीच नाही. तार आजीच्या खोलीत ओढली जाते. रिमोट पलंगापासून तिच्या हाताला लागेल असा, पण जाळीचा झोत थेट पडणार नाही अशा भिंतीवर लावतात आणि सेटिंगमध्ये सेन्सर डक्टमधून रिमोटवर घेतात. दिवसा दिवाणखाना थोडा जास्त गार होईल किंवा कमी, तेवढं चालवून घ्यायचं. माझ्या मते हा या सगळ्या कामातला सर्वांत चांगला निर्णय आहे. या घरी उकाड्याचा त्रास सर्वांत जास्त जिला होतो, तिच्या खोलीचं ऐकून यंत्र चालणार.

1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडे स्टार मिळालेले घरगुती एसी 24 अंशांवर सुरू व्हावेत असा नियम आहे. आजीला 24 सोसत नाही. बटण कुठलं ते ती विचारून घेते, आणि 26 करते. पंखा हळू चालू ठेवायला सांगते.

उस्ताद हॅचच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितात: आजची तारीख, जादा भरलेल्या गॅसचे ग्रॅम, दाब 60, सेन्सर रिमोटचा, कुठला डँपर किती मिटला आहे त्याची खूण. पुढे जो कुणी वर चढेल त्याला विचारत बसावं लागणार नाही. मग परतीची जाळी उघडून ते मला फिल्टर काढायला लावतात, बसवायला लावतात, पुन्हा काढायला लावतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवायचा, सावलीत वाळवायचा. गच्चीची धूळ, पुस्तकांची धूळ, दोन्ही याच्यावरच बसणार. "और बारिश शुरू हुई बोलके मेरे कू फोन करो," ते अवजारं भरता भरता म्हणतात. "पानी बराबर जारा क्या, देख के जातूं."