धनंजय माने यांचं व्याकरण

महाराष्ट्रात कुठल्याही दारावर टकटक करून 'धनंजय माने इथेच राहतात का?' असं विचारून बघा. आतून आधी हसू येईल, मग दार उघडेल. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. आमच्या वरूडला तेव्हा संत्र्याचे पैसे हाती आले की लोक भाड्याने व्हीसीआर आणत आणि अख्खी गल्ली अंगणात बसे. आज तोच सिनेमा नातवंडं मोबाइलवर बघतात. एवढी वर्षं एखादा विनोद शिळा होत नाही, याचं काही कारण असलं पाहिजे. माझ्या मते ते भाषेत आहे, आणि ती भाषा तोलून धरणाऱ्या अशोक सराफांमध्ये आहे.

गोष्ट तशी उसनी. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान' काढला होता. मेहमूद होता त्यात. लोक तो विसरले. सचिन पिळगावकरांनी तीच कल्पना पुण्यात आणली आणि संवाद लिहायला वसंत सबनीसांना बसवलं. 'विच्छा माझी पुरी करा'चा हा लेखक. लोकनाट्यात शब्द कसा फेकायचा आणि कसा झेलायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. चार तरुणांना खोली हवी, घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत. मग दोघं पुरुष राहतात, दोघं लुगडं नेसतात. सचिन सुधा होतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती.

आता बघा, हसवण्याची उघड साधनं सगळी त्या दोघांकडे आहेत. पदर, टिकली, चाल, आवाज. अशोक सराफांच्या वाट्याला काय आलं? शर्ट-पँट आणि काळजी. धाकटा भाऊ शिकतोय, मित्र अंगावर पडलेत, नोकरी टिकवायची आहे, नोकरी देणाऱ्या बाईंवरच जीव जडलाय. खोटं बोलायचं कोणी, तर यानेच. घरातला थोरला जसा महिनाअखेरीला हिशेब जुळवत असतो, तसा हा माणूस खोटं जुळवत असतो. सराफ स्वतः काही वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते. १९७५च्या 'पांडू हवालदार'पासून लोक त्यांना ओळखू लागले. त्यांचा धनंजय माने बघताना मला नेहमी वाटतं, या माणसाने खिडकीपलीकडून पुष्कळ गरजू चेहरे पाहिले असणार. हा आपला माझा तर्क.

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, औषधासाठी दिलेल्या ७० रुपयांची आठवण काढतात. औषध आणणारा माणूस वारला, असं माने सांगतात. बरं, आणि ते पैसे? तेही वारले! पैसे बुडतात, माणसं वारतात, ही आपल्या भाषेची रीत. 'बुडाले' म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. 'मेले' म्हटलं असतं तर शिवी झाली असती. 'वारले' म्हटल्यावर समोरच्याला मान खाली घालण्याखेरीज काही उरत नाही. गंमत अशी की मराठीत आदरणीय माणूसही 'वारले' आणि अनेकवचनी रुपयेही 'वारले'. क्रियापदाला कळतच नाही, आपण कोणासाठी रडतोय. सराफ हा शब्द डोळा न मारता, सांत्वनाला आल्यासारखा उच्चारतात. ते हसले असते तर आपण हसलो नसतो.

दुसरी जागा 'हा माझा बायको'. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तो माझ्या घरचा मामला आहे. आमच्या घरी बोलतात त्या बोलीत लिंगं दोनच. मराठीत तीन. ते तिसरं सांभाळताना आमच्या वडीलधाऱ्यांची जीभ हमखास घसरायची. मराठी नाटकांनी या घसरण्यावर पुष्कळ हशे मिळवले. रंगमंचावर एखादा खान किंवा पठाण आला, की तो 'माझा बायको' म्हणणार हे ठरलेलं. आम्हीही हसायचो, थोडं इकडेतिकडे बघून.

'बनवाबनवी'त तीच चूक अस्सल मराठी माणूस करतो. पण त्याला व्याकरण येत नाही म्हणून नव्हे. पार्वतीच्या लुगड्यात परशुराम उभा आहे, हे तोंडाच्या आधी जिभेला आठवतं. म्हणजे व्याकरण चुकलं, पण खरं बोललं गेलं! सबंध सिनेमात माने इतका खरा क्वचितच बोलला असेल. अशा ओळीवर नट थोडा जरी ठासून बोलला, तरी ती ओळ मरते. सराफ ती घाबरलेल्या माणसाच्या घाईत सोडून देतात.

या टोळीतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, सुधीर जोशी २००५ साली. सराफांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिला उशीर झाला असं माझं मत आहे, पण त्यांना बहुधा टाळ्यांवरच भागवायची सवय असावी.

आणि मुळात हे सगळं चाललंय ते डोक्यावरच्या छपरासाठी, हे हसण्याच्या नादात आपण विसरतो. लीलाबाईंची अट तशी सोपी होती, लुगडं नेसून भागत होती. आमच्याकडची मुलं पुण्याला शिकायला जातात, खोलीसाठी फोन लावतात. भाडं ठरतं, अनामत ठरते, मग नाव विचारतात. नाव ऐकलं की खोली कालच गेलेली असते. सुट्टीत घरी आली की हीच मुलं 'बनवाबनवी' लावून बसतात, सरपोतदारांच्या आवाजाची नक्कल करतात, आणि सत्तर रुपये वारले की सगळ्यांत आधी हसतात.