पडद्यावरील पाठ आणि हातचें ज्ञान

मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं, आणि वऱ्हाडांतील विद्यार्थ्यांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागले. साथ ओसरल्यावरहि पडदा राहिला. मे २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें मिश्र अध्यापनाचा मसुदा प्रसिद्ध केला; अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन व बाकीचा समोरासमोर शिकवावा, अशी त्यांत सूचना होती.

आतां प्रश्न असा, कीं हे ४० टक्के कोणते? अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाचेंच उदाहरण घ्यावें. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम चित्रफितींत उत्तम दिसतो. न समजल्यास तो पुन्हां पाहतां येतो. परंतु बोंड फोडून अळी ओळखणें कपाशीच्या शेतांतच साधतें. अमरावतीस रसायनशास्त्र शिकणाऱ्यासहि हाच न्याय लागू पडतो. समीकरण पडद्यावर उमगेल. पण द्रावणाचा रंग कोणत्या थेंबास पालटतो, तें ब्युरेटची तोटी स्वतः फिरविल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून ही वांटणी घड्याळाकडे न पाहतां विषयाच्या प्रकृतीकडे पाहून करावी. जें नुसतें सांगावयाचें, तें पडद्यानें सांगावें. त्यामुळें वर्गांत वांचलेला वेळ शंकांना व प्रयोगांना द्यावा. मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखांत मोबाइलला रेंज मिळत नसेल, तेथील विद्यार्थ्यास तोच पाठ महाविद्यालयांतून उतरवून घरीं नेण्याची सोय असावी. एवढें न झाल्यास, त्याच्यापुरते ते ४० टक्के कोरेच राहतील.