दूरस्थ गाळणी आणि दाबाचा जमाखर्च

वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पौषातील धुळ्याची पहाट १० अंशांच्याही खाली उतरते. या दोन टोकांच्या दरम्यान जी मोटार बारमाही धावते, तिच्या वंगणतेलाला एका ऋतूत पातळ झाल्यावरही धातूंमध्ये पडदा धरून ठेवावा लागतो आणि दुसऱ्या ऋतूत घट्ट असूनही इंजिन सुरू होताच बेअरिंगांपर्यंत धाव घ्यावी लागते. वाढीव शक्तीसाठी सुधारलेल्या, विशेषतः टर्बो बसविलेल्या गाडीत ही परीक्षा अधिकच कठीण होते. म्हणूनच अशा गाड्यांचे काही हौशी मालक इंजिनाला चिकटून असलेली ऑईलची गाळणी तेथून काढून, दोन होज पाइपांच्या साहाय्याने ती बॉनेटखाली अन्य सोयीच्या जागी बसविण्याची तजवीज करतात. या तजविजीने तेल अधिक शुद्ध होते, असा समज पुष्कळांचा असतो. त्याची शहानिशा केल्यावाचून हात तेलात घालणे शहाणपणाचे नव्हे.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील तेलाचा पडदा भाराखाली अवघा काही मायक्रॉन जाडीचा उरतो, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, एवढे लक्षात घेतले म्हणजे डोळ्यांस न दिसणारा सिलिकायुक्त धूलिकण तेथे शिरल्यास काय अनर्थ करील, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहॉल्घ या अमेरिकनांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी सिद्ध केली. आरंभीच्या गाळण्यांतून पंपाने लोटलेल्या तेलाचा अल्प हिस्साच जात असे. पुढे सगळेच तेल बेअरिंगांकडे जाण्यापूर्वी गाळणीतून नेण्याची पद्धत रूढ झाली, आणि ज्या क्षणी ती रूढ झाली, त्या क्षणापासून गाळणीतील अडथळा हा साऱ्या इंजिनाच्या जीविताचा प्रश्न झाला.

गाळणी इंजिनापासून अलग ठेवण्याची कल्पना मात्र शर्यतीच्या गाड्यांची मिरास नव्हे. चाळीसगाव-धुळे शाखेवर आणि ताप्ती खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विद्युतीकरणापूर्वी दीर्घकाळ डिझेल इंजिनांची सद्दी होती. त्या पिढीतील सर्वप्रसिद्ध डब्ल्यूडीएम-२ हे आल्को कंपनीच्या आराखड्याचे, १६ सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे इंजिन. त्याच्या तेलाची गाळणी म्हणजे इंजिनाबाहेर स्वतंत्र उभी केलेली एक टाकीच असून, पंपाकडून आलेले तेल तीतून शीतकाकडे आणि तेथून पुन्हा इंजिनात जाई. देखभाल करणाऱ्याचा हात सहज पोहोचावा आणि गाळण्याचे क्षेत्रफळ मोठे मिळावे, हे दोन उद्देश त्या रचनेने साधत. मोटारीतही लाभ नेमके हेच आहेत: टर्बो व त्याची नळकांडी यांनी जागा अडविली असता गाळणी बदलणे सुकर होते, मोठी किंवा जोडगाळणी बसविता येते, आणि तेलाचा एकूण साठा थोडासा वाढतो. शुद्धता मात्र गाळणीच्या कागदावर अवलंबून असते, तिच्या मुक्कामावर नव्हे.

या लाभांची किंमत दाबाच्या रूपाने मोजावी लागते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ठिबक सिंचनाच्या गाळणीच्या अलीकडे व पलीकडे दाबमापक असतात, आणि दोहोंच्या काट्यांतील अंतर वाढले की जाळी धुण्याची वेळ झाली, हे शेतकरी जाणतो. तेलाच्या वाटेवरही हाच हिशेब चालतो, फक्त येथे बागेऐवजी बेअरिंगे तहानलेली राहतात. नळीची लांबी दुप्पट केली तर संथ प्रवाहातील रोध दुप्पट होतो, परंतु नळीचा आतला व्यास वाढविला तर रोध त्याच्या चौथ्या घाताने उतरतो. म्हणजे १२ मिलिमीटरऐवजी १६ मिलिमीटरची नळी घेतल्यास तो एकतृतीयांशाहूनही कमी होतो. नळी आखूड व रुंद असावी आणि तिला काटकोनी वळणे शक्यतो नसावीत, या नियमाचे इंगित ते हेच. धुळ्याच्या थंडीत तेल घट्ट असताना गाळणीपाशी दाबाचा फरक ठराविक मर्यादेबाहेर गेला, तर तिच्यातील किंवा इंजिनातील उपमार्गाची झडप उघडते आणि न गाळलेले तेलच पुढे जाते. वंगणाचा पुरवठा तुटण्यापेक्षा ते बरे, म्हणून ही तरतूद असते, परंतु अरुंद नळ्यांमुळे आधीच क्षीण झालेला दाब ती परत मिळवून देत नाही.

प्रत्यक्ष बसविताना प्रथम इंजिनावरील आट्यांशी जुळणारी अडॅप्टर प्लेट रबरी रिंगसह घट्ट करावयाची. बहुतेक गाळण्यांत पंपाकडचे तेल बाहेरच्या वर्तुळातील छिद्रांतून शिरते आणि गाळलेले तेल मधल्या आट्याच्या नळीतून परतते. येथे नळ्यांची अदलाबदल झाली तर तेल परतू न देणारी रबरी पाळच वाट अडविते. गाळणीचे मस्तक चासीवर घट्ट पक्के करावे, परंतु इंजिन आपल्या रबरी मांडणीवर डुलत असल्याने नळ्यांना थोडी ढील ठेवावी, आणि त्या सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून व फिरत्या पट्ट्यांपासून दूर न्याव्यात; कारण दाबाखालील एक सांधा निसटला तर अल्पावधीत इंजिनाखालचे तेलाचे चेंबर रिकामे होते आणि गरम लोखंडावर उडालेले तेल पेटू शकते. शेवटी गाळणी तेलाने भरून, इंधन तोडून, स्टार्टरने इंजिन फिरवीत दाबाचा काटा उठेपर्यंत थांबावे. मग मंद गतीवर सगळे सांधे न्याहाळावेत आणि नळ्यांनी शोषलेले तेल भरून काढावे.

कन्नडच्या घाटातील वळणांवर चेंबरमधील तेल एका बाजूस लोटले जाऊन पंपाचे तोंड उघडे पडते, हा दोष दूरस्थ गाळणीने निघत नाही. त्याला चेंबरमध्ये आडपडदे लागतात. तेल अतिशय तापत असेल तर उपाय शीतकाचा, आणि धूळ शिरत असेल तर हवेच्या गाळणीचा. म्हणून आधी तेलाच्या तापमानाचा व दाबाचा काटा बसवून दोष कोठे आहे ते नक्की करावे, आणि जागेची अडचण किंवा मोठ्या गाळणीची गरज खरोखर सिद्ध झाली, तरच या दोन नळ्यांचा व चार नव्या सांध्यांचा कारभार अंगावर घ्यावा.