पोटातल्या बाळाचं वजन कोण सांगणार?

“पोट बघ केवढं आलंय, चार किलोचं तरी असणार!” डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांत एखादी आत्या हे भाकीत करतेच. पण त्या पोटात एकटं बाळ नसतं. गर्भजल असतं, वार असते, वर आईची स्वतःची चरबी असते. ठेंगण्या बाईच्या पोटाला वर सरकायला जागा कमी, म्हणून ते पुढे येतं. पहिलटकरणीचे पोटाचे स्नायू घट्ट, म्हणून तिचं लहान दिसतं. पोट फारच मोठं वाटलं तर तपासून घ्यावं, कारण गर्भजल वाढलेलं असू शकतं. बाळाचं वजन मात्र त्यावरून कळत नाही.

मग सोनोग्राफीवरून कळतं? रिपोर्टवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो, तेव्हा आपण तो वजनकाट्यावरचा समजतो. प्रत्यक्षात यंत्र काहीच तोलत नाही. ते बाळाचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतं आणि ती मापं एका सूत्रात घालतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेलं हॅडलॉक यांचं सूत्र आजही सर्रास वापरलं जातं. दिवस भरत आले की या अंदाजात दहा ते पंधरा टक्के चूक सहज राहते, आणि बाळ जितकं मोठं तितका भरवसा कमी. रिपोर्टवर ४ किलो लिहिलेलं बाळ ३.४ किलोचं निघू शकतं, तसंच ४.६ किलोचंही. भाजीवाल्याने किलोमागे दीडशे ग्रॅम मारले तर आपण भांडतो. इथे मात्र त्या आकड्यावर घरभर रात्री जागवल्या जातात. गंमत म्हणजे, आधी बाळंतपण झालेल्या आईने स्वतः केलेला अंदाज सोनोग्राफीच्या तोडीस तोड ठरल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. आत्याचं नाही, पण आईचं ऐकावं.

मोठं बाळ म्हणायचं तरी कशाला? जगभर ४ किंवा ४.५ किलोच्या वरची रेघ मानतात. आपल्याकडे सरासरी बाळ तीन किलोच्या आतलं, त्यामुळे ‘हा प्रश्न गोऱ्या लोकांचा’ असं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू फारच कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला किरकोळ, आतून चरबीचं. म्हणजे आपल्याकडे नुसत्या किलोंकडे बघून गाफील राहता येत नाही.

आता कारणांकडे. सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज लोहाच्या गोळ्यांचा: “गोळ्या घेतल्या की बाळ मोठं होतं, मग बाळंतपण जड जातं.” या भीतीने कित्येकजणी गोळ्या गुपचूप टाकून देतात. लोहाने रक्त वाढतं. त्याने बाळ अवाढव्य होत नाही. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही, हा धोका मात्र खराच. दुसऱ्या टोकाला ‘दोन जिवांचं खा’ हा आग्रह. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात गरोदरपणी रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. दोन पोळ्या आणि वाटीभर वरण, एवढंच. दुसरं ताट नव्हे.

बाळ चरबीने फुगण्यामागचं मुख्य कारण साखर. १९५० च्या दशकात डॅनिश डॉक्टर योर्गेन पेडरसन यांनी याची उकल केली. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जादा इन्सुलिन तयार करतं आणि ती साखर खांद्यांवर, पोटावर चरबी होऊन साचते. डोकं त्या मानाने वाढत नाही. म्हणून मधुमेही आईचं चार किलोचं बाळ आणि आडव्या हाडाच्या घराण्यातलं चार किलोचं बाळ यांचं बाळंतपण सारखं नसतं. “माझी शुगर जरा बॉर्डरवर आहे, मधुमेह नाही” हाही दिलासा पोकळच. नऊ देशांतल्या तेवीस हजारांवर बायकांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर वाढेल तशी मोठ्या बाळांची शक्यता चढत गेली. अमुक आकड्याखाली सुरक्षित, अशी रेघ सापडलीच नाही.

आधीचा लठ्ठपणा, गरोदरपणात भरमसाट वाढलेलं वजन, आधीचं बाळ मोठं असणं, तारीख उलटणं, मुलगा असणं, उंच आईबाप यांनीही शक्यता वाढते. तरी यातलं काहीही नसताना मोठी बाळं जन्मतात.

म्हणून निदान जे तपासता येतं ते तपासावं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढाकार घेऊन रुजवलेल्या चाचणीला उपाशी यावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आलं तर उपचार. पहिल्याच भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. उपचारांचा उपयोग होतो: २००५ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत चार किलोंवरच्या बाळांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १० वर आलं.

“मोठं बाळ म्हणजे सिझरच” हेही खरं नाही. भीती असते ती डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकण्याची. पण असे प्रसंग जवळपास निम्म्या वेळा चार किलोंच्या आतल्या बाळांतच घडतात. १९९६ च्या एका अमेरिकी गणितानुसार, मधुमेह नसलेल्या बायकांत साडेचार किलोंच्या अंदाजावर सिझर करत गेलं, तर हाताची एक कायमची इजा टाळायला ३,६९५ सिझर करावी लागतील. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना म्हणूनच मधुमेह नसेल तर ५ किलोंच्या आणि असेल तर साडेचारच्या अंदाजावर सिझरचा विचार करायला सांगते. विचार करायला, लगेच तारीख काढायला नव्हे.

एक गैरसमज बाळंतपणानंतरचा: गुटगुटीत बाळ दूध मिळेपर्यंत थांबू शकतं. नाळ कापली की आईची साखर येणं बंद होतं, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन काही तास तसंच काम करत राहतं आणि साखर झपाट्याने उतरते. अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याची साखर पुन्हा पुन्हा बघायची.