फत्तेखानांनी दिलेली जागा

कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर उतरलेले पाहुणे आम्हाला महाडच्या चवदार तळ्याची वाट विचारतात. आम्ही वाट दाखवतो आणि एक हकिकतही सांगतो.

डिसेंबर १९२७. महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला दिला. समतेचा विचार असा सातासमुद्रापलीकडून आमच्या तालुक्यात आला. कुणा फौजेने आणला नाही. तरीही तळ्याच्या पाण्याचा हक्क हायकोर्टात पक्का व्हायला १९३७ उजाडले.

अमेरिकेने २००१ मध्ये अफगाणिस्तानात फौजा उतरवल्या. संविधान झाले, निवडणुका झाल्या. २०२१ मध्ये फौजा परतल्या आणि तालिबान पुन्हा सत्तेवर आले.

लोकशाही परदेशातून येऊ शकते, पण तिला जागा तिथल्याच माणसांनी द्यावी लागते. कुरआनच्या सूरह अश-शूरामध्ये आपसात सल्लामसलत करून कारभार करणे ही ईमानवंतांची खूण सांगितली आहे. मग घरातले निर्णय घेताना आपण लेकीसुनांना विचारतो का? फत्तेखानांनी जमीन दिली. आपल्याला तर फक्त ऐकून घ्यायचे आहे.